इन्चार्ज सिस्टर रिटायर होताहेत, मानपत्रात काय लिहू?

नमस्कार ताई,

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आमच्या इन्चार्ज सिस्टर येत्या महिनाअखेरीला रिटायर होताहेत. ३४ वर्षांची नोकरी, त्यातली निम्म्याहून जास्त आयसीयूत. ऑफिसवाले म्हणतात, सभागृह घेऊ, आमदारसाहेबांना बोलवू, शाल-श्रीफळ आणि चांदीची मूर्ती देऊ. मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, आणि 'सेवेचा वसा', 'मायेची सावली' यांच्यापुढे माझी गाडी जात नाही.

सिस्टर स्वतः म्हणतात, माझं काही करू नका, चार्ज देऊन मी दुपारच्या एसटीनं घरी जाईन. आमच्यातले काही जण म्हणतात, कसला गौरव? ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना वॉर्डचा ताबा, घेताना प्रत्येक पेशंटच्या टाचांखाली हात घालून बघायच्या, चादरीची एक घडी दिसली तरी झापायच्या, डॉक्टरांची तोंडी ऑर्डर घेतली तर दिवसभर तोंड फिरवून बसायच्या. आणि खरं सांगायचं तर मलाही हा सत्कार नाटकी वाटतो. बारा बेड, नाइटला तिघी, आणि वर टाळ्या. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो तो पुरस्कार मिळायला हवा होता असंही वाटतं. आता काही करता येईल का? भेट काय द्यावी, तेही सांगा.

– एक सिस्टर

सिस्टर,

मानपत्राचं नंतर बघू. आधी तुमच्या वॉर्डचं डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, बाहेर काढा.

मी हे चेष्टेत म्हणत नाही. मी पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी, म्हणून नोकरी केली, वॉर्डात मुली घेऊन जायची तेव्हापासून इन्चार्ज सिस्टरांचं हे दुखणं जवळून बघितलंय. आयसीयूतला लॅरिंगोस्कोप, त्याची पाती, इन्फ्युजन पंप, सक्शन मशीन, प्रोब, स्टीलच्या वाट्या, ब्लँकेटं, सगळं कागदावर तिच्या नावानं असतं. त्यात कोविडच्या काळात रात्री-बेरात्री कोणी कोणी बायपॅप आणि कॉन्सन्ट्रेटर ही श्वासाला मदत करणारी मशीन देणगी म्हणून आणून ठेवले. काहींची नोंद झाली, काहींची नाही. दोन मशीन 'तात्पुरती' म्हणून तालुक्याला गेली ती तिकडचीच झाली. ज्यानं नेली त्याची बदली झाली, सही मात्र सिस्टरांची. हे सगळं जुळल्याशिवाय चार्ज पुरा होत नाही, चार्ज पुरा झाल्याशिवाय ना-देय दाखला निघत नाही, आणि मग पेन्शनची गाडी अडते. ज्या बाईला महिनाअखेरीला शाल पांघरली, तिलाच चार महिन्यांनी त्याच ऑफिसच्या खिडकीशी 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' ऐकताना मी बघितलंय.

म्हणून पहिलं काम हे. तुमच्यातल्या दोघी-तिघींनी रोज ड्यूटीनंतर अर्धा तास सिस्टरांबरोबर बसा आणि नोंदवही जुळवून टाका. जे मोडलंय त्याचा कंडेमनेशनचा, म्हणजे निकामी ठरवण्याचा, प्रस्ताव आत्ताच घाला. जे उसनं गेलंय त्याच्या पावत्या मागवा. सेवापुस्तकात रजांच्या आणि वेतननिश्चितीच्या नोंदी पुऱ्या आहेत का, पेन्शनचा प्रस्ताव महालेखापालांकडे गेलाय का, हे आस्थापनेच्या क्लार्कला विचारा. एकटीनं नका विचारू, चौघींनी मिळून जा. चौघी एकदम टेबलापुढे उभ्या राहिल्या की फाइल लवकर सापडते, हा माझा अनुभव.

आता त्यांच्या 'माझं काही करू नका'कडे येऊ.

असं म्हणणाऱ्या सिस्टर पुष्कळ असतात आणि त्यातल्या सगळ्याच काही लाजून म्हणत नाहीत. काहींना खरंच नको असतं. या पंथाच्या मूळ पुरुषाचं, म्हणजे बाईचंच बघा ना. फ्लोरेन्स नाईटिंगेल १८५६ मध्ये क्रिमियाच्या युद्धावरून परतल्या तेव्हा इंग्लंड त्यांच्या मिरवणुकीला टपलेलं होतं. त्या 'मिस स्मिथ' असं नाव घेऊन प्रवास करत गुपचूप घरी आल्या. पण त्याआधीच, त्या तिकडे तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात असताना, १८५५ मध्ये लंडनमध्ये लोकांनी सभा घेऊन त्यांच्या सन्मानासाठी निधी काढला होता. सुमारे ४५ हजार पौंड जमले, त्या काळचे. त्यांनी ते पैसे स्वतःवर खर्च होऊ दिले नाहीत. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात परिचारिकांची शाळा निघाली. आपल्याकडे टोपी घालून, दिवा लावून शपथ घ्यायची पद्धत आली, ती शपथही नाईटिंगेल यांच्याच नावानं ओळखली जाते. म्हणजे मिरवणूक टाळणाऱ्या बाईचाही सन्मान करता येतो. फक्त तो तिला पटेल अशा गोष्टीत घालावा लागतो.

तेव्हा तुमच्या सिस्टरांना 'कार्यक्रम करू का' असं विचारू नका. त्या नाहीच म्हणणार. 'आम्हाला अमुक करून हवंय, कराल का' असं विचारा. काय करून घ्यायचं ते पुढे सांगते.

मानपत्र. तुमची अडचण भाषेची नाहीच. तुम्ही मला पाठवलेल्या पत्रात मानपत्र आधीच लिहून ठेवलंय, आणि ते लिहिलंय तुमच्या रुसलेल्या सहकाऱ्यांनी. टाचांखाली हात, चादरीची घडी, तोंडी ऑर्डर. यापेक्षा चांगला मजकूर तुम्हाला कोणत्या पुस्तकात मिळणार आहे?

टाचेचं घ्या. आठवडाभर व्हेंटिलेटरवर असलेल्या, झोपेच्या औषधाखालच्या माणसाला 'टाच दुखतेय' हे सांगता येत नाही. कूस बदलता येत नाही. हाडाच्या उंचवट्यावरची कातडी गादी आणि हाड यांच्यात चिमटली की तिथलं रक्त थांबतं. टाच, माकडहाड, डोक्याची मागची बाजू, मास्कचं इलॅस्टिक जातं तो कानामागचा भाग, ट्यूबची पट्टी बसते तो ओठाचा कोपरा. आधी नुसती लाली येते. बोटानं दाबलं आणि ती लाली पांढरी न पडता तशीच राहिली, तर जखम आत सुरू झाली असं समजायचं. ही लाली मॉनिटरवर दिसत नाही. अलार्म वाजत नाही. ती दिसायला कोणीतरी पांघरूण वर करून, टाच उचलून, हात घालून बघावं लागतं, आणि तेही घड्याळ लावून दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या वेळेला. चादरीच्या घडीवर त्या का चिडायच्या तेही यातच आलं.

तुमच्या कामाची मोठी पंचाईत ही आहे की ते चांगलं झालं तर काहीच होत नाही. डॉक्टरांचं ऑपरेशन दिसतं. न झालेली जखम दिसत नाही. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवली, तोंडाची स्वच्छता वेळेवर झाली, ट्यूबच्या फुग्यातला दाब तपासला, सक्शन करताना हात स्वच्छ ठेवले, म्हणून जो न्यूमोनिया झाला नाही त्याचा केसपेपर निघत नाही.

महाराष्ट्राला याचा एक दाखला ठाऊक आहे, पण आपण तो वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवलाय. अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएमच्याच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात त्यांच्यावर अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथंच होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मार्च २०११ मध्ये निकाल लागला, दयामरणाचा कायदा त्यावरून घडत गेला, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. त्या सगळ्या कागदांत रुग्णालयाच्या प्रमुखांनी न्यायालयाला सांगितलेली एक गोष्ट होती: इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोर झालेला नाही. कधीही बिछान्यावर माणूस सांभाळलेल्या कोणालाही विचारा, हे काय आहे ते. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी, शिफ्टमागून शिफ्ट, ते केलं. त्यातल्या बहुतेकींची नावं तुम्हाला-मला माहीत नाहीत. त्यांना मानपत्र कोण देणार, आणि कशाबद्दल म्हणून? न झालेल्या जखमेबद्दल!

पण तेच लिहायचं असतं. तुमचं मानपत्र असं सुरू होऊ दे, मी नमुना देते, तुम्ही तुमच्या तपशिलानं बदला:

'सिस्टर, तुम्ही सकाळी ओव्हर घ्यायला आलात की आम्ही बेड नंबर एकपासून चादरी ताणायला लागायचो. तुम्ही आधी मॉनिटरकडे बघत नव्हता. आधी पेशंटच्या टाचेखाली हात घालायचात. तुमचा राग यायचा. रात्रभर उभं राहून पाय गळून गेलेले असायचे आणि तुम्ही एका घडीवरून बोलायचात. आज आमच्यातली प्रत्येक जण ओव्हर घेताना टाचेखाली हात घालते. कोणी सांगावं लागत नाही.'

एवढ्यात 'ममतेची मूर्ती' कुठे बसवणार? जागाच नाही. आणि हे मानपत्र दुसऱ्या कोणा सिस्टरांना देता येणार नाही, हीच त्याची परीक्षा. लिहून झालं की नाव झाका आणि शेजारच्या वॉर्डातल्या इन्चार्जना लागू होतंय का बघा. होत असेल तर फाडा.

तोंडी ऑर्डरचंही असंच. पहाटे तीनला फोनवर 'नॉरअ‍ॅड वाढवा', म्हणजे बीपी धरून ठेवणारं औषध वाढवा, म्हणणारे डॉक्टर सकाळी 'मी कुठे म्हटलं' म्हणतात तेव्हा चौकशी कोणाची लागते, हे तुम्हाला माहीत आहे. कोड चालू असेल, म्हणजे बंद पडलेलं हृदय सुरू करायची धावपळ असेल, तेव्हाची गोष्ट वेगळी, तिथं ऑर्डर ऐकून मोठ्यानं परत म्हणायची आणि नंतर लगेच लिहून घ्यायची. एरवी 'डॉक्टर, लिहून द्या' हे वाक्य एका परिसेविकेनं, म्हणजे इन्चार्ज सिस्टरनं, तिशीच्या आतल्या रेसिडेंटला, त्याच्या वरिष्ठांसमोर, म्हणायचं याला काय लागतं ते आपण जाणतो. त्या ज्यांच्याकडे तोंड फिरवून बसल्या त्या मुलींच्या नोकऱ्या त्या वाक्यानं वाचल्या असतील. माहिती काढा. कोणाला तरी एखादा प्रसंग आठवेल, तो मानपत्रात घाला.

माहिती काढायला वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावश्यांपासून सुरुवात करा. त्यांना सगळं माहीत असतं. मग फिजिशियन, लॅबमधला तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ, आणि दोन-तीन पेशंटांचे नातेवाईक. प्रत्येकाला एकच विचारा: सिस्टरांनी तुमच्यासमोर केलेली एखादी गोष्ट सांगा. 'त्या कशा आहेत' असं विचारलंत की सगळे 'खूप छान, खूप प्रेमळ' म्हणतील आणि तुमची वही कोरी राहील.

कडकपणाबद्दल मात्र मी तुमच्या सहकाऱ्यांना उडवून लावणार नाही. पेशंटसाठी कडक असणं आणि माणसाचा पाणउतारा करणं यात फरक आहे, आणि आपल्या व्यवसायात तो फरक पुष्कळदा पुसला जातो. आमच्या पिढीत तर शिकवायचं म्हणजे नातेवाइकांसमोर रडवायचं, अशीच रीत होती, आणि ती वाईट रीत होती. तुमच्या सिस्टरांनी नव्या मुलीला चुकीसाठी बाजूला नेऊन सांगितलं असेल तर तो कडकपणा मिरवा. चारचौघांत अपमान केला असेल तर त्याचं 'शिस्त' असं सोनं करू नका, मानपत्रात तो भागच नको. ज्यांना बोलायचं नाही त्यांच्यावर बोलायची सक्ती नको. त्यांनी कार्यक्रमाला नुसतं यावं, किंवा त्या वेळेला वॉर्ड सांभाळावा. तेही काम कोणीतरी करायचंच आहे. आणि एखाद्या ब्रदरनं उभं राहून 'मला यांचा फार राग यायचा' असं सुरुवात करून पुढे दोन वाक्यं खरी बोलली, तर आमदारसाहेबांच्या भाषणापेक्षा ती सिस्टरांना जास्त दिवस पुरतील.

आमदारसाहेबांवरून आठवलं. नका बोलवू. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही, पण ते तासभर उशिरा येणार, तोवर मॉर्निंगच्या मुली घरी न जाता ताटकळणार, इव्हिनिंगच्या खाली येऊ शकणार नाहीत, आणि रात्रपाळी करून आलेली कोणीतरी खुर्चीत डुलक्या घेणार. कार्यक्रम दुपारच्या ओव्हरच्या वेळेला, आयसीयूच्या शेजारच्या खोलीत, अर्ध्या तासाचा करा. दोन्ही शिफ्टच्या मुली तेव्हाच हजर असतात. अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना, आधी लेखी विनंती करून, पूर्वी आयसीयू केलेल्या दोघी-तिघी तेवढ्या वेळापुरत्या बेडपाशी मागून घ्या. वर्गणी ऐच्छिक ठेवा, आणि कंत्राटी मुलींकडून मागूच नका. त्यांचा पगार किती आणि कधी होतो हे आपण सगळ्या जाणतो.

बोलायला चार माणसं पुरेत: सगळ्यात नवी सिस्टर, एक मावशी, एक नातेवाईक, आणि सिस्टरांच्या घरचं कोणीतरी. शेवटचं विसरू नका. ३४ वर्षांतल्या किती दिवाळ्यांना फराळ डब्यातून वॉर्डात आला आणि आई फोनवर भेटली, हे मुलांकडूनच ऐकायचं असतं. डॉक्टरांना बोलायचं असेल तर दोन मिनिटं द्या आणि घड्याळ लावा.

पुरस्काराबद्दल विचारलंत. राष्ट्रीय फ्लोरेन्स नाईटिंगेल पुरस्कार केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १९७३ पासून सुरू केला, राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो, पदक, प्रशस्तिपत्र आणि रोख रक्कम असते. तो फक्त दिल्ली-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांसाठी असतो असा समज असेल तर काढून टाका. केरळातल्या पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातल्या लिनी पुथुसेरी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. निपाह विषाणूच्या रुग्णाची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि मे २०१८ मध्ये त्या गेल्या. त्यांना तो मरणोत्तर मिळाला. पण पुरस्कार मिळावा म्हणून कोणी मरायला नको, आणि जिवंतपणी मिळायचा तर कोणीतरी वेळेत अर्ज भरायला हवा. दर वर्षी परिपत्रक निघतं, ते अधिसेविकांच्या ऑफिसात येतं, नोटीस बोर्डावर लागतं किंवा लागत नाही, आणि तारीख निघून गेल्यावर आपल्याला कळतं. अटी आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात नीट वाचा. तुमच्या सिस्टर त्यात बसत असतील तर या महिन्यातच प्रस्ताव तयार करा. बसत नसतील, तर ही मेहनत पुढच्या सिस्टरांसाठी कामी येईल.

प्रस्तावात नेमकं काय लागतं, यावर अमेरिकेतल्या आयसीयू परिचारिकांची पद्धत डोळ्यांखालून घालण्यासारखी आहे. त्यांची संघटना १९६९ मध्ये सुरू झाली, अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल-केअर नर्सेस. प्रदीर्घ कारकिर्दीसाठी त्यांचा खास पुरस्कार आहे, मार्गरीट रॉजर्स किनी यांच्या नावानं. तो देताना नोकरीची वर्षं मोजून भागत नाही. त्या बाईमुळे बाकीच्यांचं काम काय बदललं, ते दाखवावं लागतं. शिवाय त्यांचा 'बीकन' म्हणून एक पुरस्कार आहे, तो एका व्यक्तीला नसून अख्ख्या युनिटला मिळतो. मला तो फार आवडतो, कारण आयसीयूत एकटीनं कोणीच काही केलेलं नसतं. आणि तिथलाच 'डेझी' पुरस्कार. पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा तरुण १९९९ मध्ये आजारानं गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचे आभार मानण्यासाठी तो काढला. नाव सुचवण्यात पेशंट आणि नातेवाईक पुढे असतात. पॅट्रिकला आजारपणात दालचिनीचे गोड रोल खावेसे वाटले होते, म्हणून पुरस्काराच्या दिवशी वॉर्डात तेच रोल वाटतात. आपण बुंदीचे लाडू वाटू, हरकत काय आहे? वॉर्डाच्या दाराशी एक पेटी आणि चार कोरे कागद ठेवायला शासनाची मंजुरी लागत नाही. चिठ्ठ्या आल्या की तारीख घालून फाइलला लावा. दोन-तीन वर्षांनी कोणाचा प्रस्ताव करायचा झाला तर पुरावा हाताशी असेल.

नाटकी वाटतं म्हणालात. वाटू दे. तीनच सिस्टरांवर बारा बेड असणं चूक आहे आणि त्या तिघींचं कौतुक करून ती चूक बरोबर होत नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर, हा निकष तुम्हाला पाठ आहे, तुमच्या अधीक्षकांनाही पाठ आहे. म्हणून कार्यक्रमात गोड बोलून झालं की सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र अधीक्षकांच्या हातात द्या. त्यात तक्रारीचा सूर नको, दोन मागण्या लिहा. एक, परिसेविकेचं पद त्याच दिवशी भरा, दुसऱ्या वॉर्डाच्या इन्चार्जना 'अतिरिक्त कार्यभार' नको. दोन, सिस्टरांनी तयार केलेल्या मुलींची रोटेशनमध्ये एकदम बदली करू नका. एक मुलगी आयसीयूत तयार व्हायला किती महिने जातात आणि मेडिसिन वॉर्डला पाठवायला एक कागद पुरतो. फुलांचा गुच्छ हातात असताना अधीक्षकांना नाही म्हणायला जड जातं, असा माझा अंदाज आहे.

आता ते, जे सिस्टरांकडून करून घ्यायचं.

त्यांना चार दुपारी बसवा, प्रत्येकी अर्धा तास. फोनचं रेकॉर्डिंग लावा, पेशंटचं नाव किंवा ओळख येणार नाही एवढी काळजी घ्या, आणि प्रश्न विचारा. 'तुमच्या आयुष्यातला अविस्मरणीय क्षण' असला प्रश्न नको, रेडिओवाल्यांसारखा. हा विचारा: पेशंट बिघडणार हे तुम्हाला मॉनिटरच्या आधी कशावरून कळतं?

बघा काय बाहेर येतं ते. पेशंट चादर चिवडायला लागतो. काल ओळखणारा आज 'घरी सोडा' म्हणून उठायला बघतो आणि रेसिडेंट त्याला झोपेचं इंजेक्शन लिहायला निघतो, तेव्हा त्याचा ऑक्सिजन आणि साखर आधी बघायची. श्वास २२ वरून २८ वर गेलेला असतो पण सॅच्युरेशन अजून ९५ दाखवतंय म्हणून सगळे निवांत असतात. श्वास हा चार्टातला सर्वांत खोटा आकडा, कारण एक मिनिट उभं राहून मोजायला कोणाला वेळ नसतो आणि सगळीकडे '२०' लिहून मोकळे होतात. लघवीच्या पिशवीत, युरोबॅगेत, दोन तासांत काही भर नाही. गुडघ्यांवर निळसर जाळी दिसायला लागली, पाय गार पडले, बीपी मात्र अजून धरून आहे. या खुणा पुस्तकात आहेत, पण त्या कोणत्या क्रमानं दिसल्या की डॉक्टरांना उठवायचं आणि उठवताना फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे पुस्तकात नाही. ते तुमच्या सिस्टरांकडे आहे आणि महिनाअखेरीला एसटीत बसून जाणार आहे.

दुसरा प्रश्न: पहिला पेशंट गेल्यावर नव्या मुलीशी तुम्ही काय बोलता? तिसरा: नातेवाईक अंगावर धावून आले तर कुठे उभं राहायचं? चौथा तुम्हीच शोधा, तुमच्या वॉर्डाचा. हे सगळं साध्या मराठीत उतरवून काढा, दहा-बारा पानं होतील. त्याला त्यांचं नाव द्या आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात पहिल्या दिवशी ठेवा. मानपत्र फ्रेममध्ये घालून त्यांच्या घरी जाईल. ही पानं वॉर्डात राहतील, हाताळून मळतील, कोपरे दुमडतील. 'माझं काही करू नका' म्हणणाऱ्या सिस्टर याला नाही म्हणणार नाहीत. म्हणाल्याच, तर 'तुम्ही गेल्यावर आम्ही कोणाला विचारू' एवढं म्हणून बघा.

राहता राहिली भेट. चांदीची मूर्ती नको, ती कपाटात जाते. शाल त्यांच्याकडे असेलच, नर्सेस डेला मिळालेल्या. त्यांच्या लेकीला फोन करून विचारा, आई रिटायर झाल्यावर काय करायचं म्हणते? कोणाला चारधाम करायचं असतं, कोणाला मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीपासून पुढे ढकललेलं करून घ्यायचं असतं, कोणाला नुसती सलग आठ तास झोपायला चांगली गादी हवी असते. इतकी वर्षं उभ्यानं नोकरी केलेल्या बाईच्या पोटऱ्यांच्या शिरा आणि गुडघे काय म्हणतात, तेही लेकीलाच माहीत. ती सांगेल ते घ्या. आणि काही सांगितलं नाही, तर रोख रक्कम पाकिटात घालून द्या, त्यात संकोच कसला?